नळाचे पाणी : निर्मळ आणि निर्धोक

पाणी निर्मळ दिसले म्हणजे ते निर्धोक असतेच असे नाही. भोपाळ येथील युनियन कार्बाइड कारखान्यात १९८४ साली वायुगळती झाली. परंतु आवारात व बाष्पीभवन तलावांत टाकलेली रासायनिक द्रव्ये भूगर्भात झिरपून भोवतालच्या वस्त्यांतील हातपंपांचे पाणीही दूषित झाले. तेथे शुद्ध पाणी पुरविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली राज्य शासनास दिला. भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय जंतू आढळता कामा नयेत आणि ग्राहकाच्या नळाशी शेष क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावे. क्लोरीन जंतूंचा नाश करते. पारा वा कार्बन टेट्राक्लोराइड त्याने नाहीसे होत नाही. म्हणूनच जंतुपरीक्षेसोबत रासायनिक पृथक्करणही अगत्याचे ठरते.