कट्ट्यावरचा मुलगा आणि इंग्रजीचा निबंध

परीक्षा जवळ आल्या की शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर गाइडे उघडून बसलेली मुले दिसू लागतात. परवा त्यांतील एक मुलगा थंड हवेच्या ठिकाणी घालविलेल्या सुट्टीचे इंग्रजी वर्णन मोठ्याने घोकीत होता. समोर मैदानावर एकाच वेळी इतके सामने चालले होते की कोणता क्षेत्ररक्षक कोणत्या सामन्यातला, हे ब्रह्मदेवासही सांगता आले नसते. त्या गर्दीवर एक ओळ लिहावी, असे मात्र त्या मुलास कोणी सांगितले नव्हते. तो त्या डोंगरावर कधी गेला होता काय, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

इंग्रजी केव्हा शिकवावे, यावर महाराष्ट्राने पुष्कळ डोकेफोड केली आहे. खेर मंत्रिमंडळाच्या काळात (1946–52) ते पाचवी ते सातवीच्या वर्गांतून गेले. 2000 साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना ते थेट पहिलीत आले. परंतु इंग्रजीत मुलाने लिहावे काय, हा प्रश्न आम्ही कधी एवढ्या हिरिरीने विचारला आहे काय? 1967 साली बालभारती स्थापन झाली. पुढे पुस्तकांत आपली नावे आली, आपले सण आले. हे योग्यच झाले. पण पाठात दिवाळी आणि पाठाखालच्या लेखनात तेच ठराविक अभिनंदनाचे पत्र, तोच मुख्याध्यापकांस अर्ज! अशा प्रश्नाचे उत्तर गाइडवाल्याने आधीच लिहून ठेवले तर दोष त्याचा कसा?

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची आज थट्टा होते. ती रुक्ष होती, हे आम्हांस मान्य आहे. तरी तिच्या तिन्ही भागांत विद्यार्थ्यास आपली भाषा आणि परकी भाषा समोरासमोर उभी करावी लागे, आणि कोठे जुळत नाही ते त्याला बोचे. मावशी, आत्या, काकू, मामी या चौघींना इंग्रजी एकाच 'आंट'मध्ये बसविते. 'मावशी आणि आत्या यांत आपल्या घरी काय फरक आहे, तो परदेशी पाहुण्यास समजावून सांगा', एवढाच प्रश्न घातला तर? उष्टे म्हणजे काय, हळदीकुंकवास कोणाला बोलावतात आणि कोणाला वगळतात, हेही विचारावे. त्यात शब्द अडतील, वाक्य मोडेल. पण ते वाक्य मुलाचे स्वतःचे असेल.

इंग्रजीस हा भार पेलणार नाही, अशी शंका कोणी काढील. मुंबईच्याच अरुण कोलटकरांनी 'जेजुरी' हा संग्रह इंग्रजीत लिहिला. तो 1976 साली प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी त्यास राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला. खंडोबाचा डोंगर इंग्रजीत मावतो, तर शिवाजी पार्कचा कट्टा का मावणार नाही? तिकडे नायजेरियात चिनुआ अचेबे यांनीही 1960 च्या दशकात हेच प्रतिपादन केले होते की, आफ्रिकेचा अनुभव वाहावयाचा तर इंग्रजीला थोडे वाकावे लागेल.

अशा उत्तरांस गुण देणे कठीण, हा परीक्षकांचा आक्षेप खरा आहे. शेकडो उत्तरपत्रिका थोड्या दिवसांत तपासणाऱ्या शिक्षकास साचा सोयीचा असतो. त्या सोयीची किंमत मात्र मराठी शाळा भरीत आहेत. ज्या दादरात 1940 साली बालमोहन विद्यामंदिर उभे राहिले, तेथेच आज कित्येक मराठी आईबाप 'मराठी शाळेत इंग्रजी लिहिता येत नाही' म्हणून मुलांस इंग्रजी माध्यमात घालतात. तेथेही तो डोंगरावरचा निबंध त्यांची वाटच पाहत असतो, ही गोष्ट निराळी.

उठताना आम्ही त्या मुलास विचारले, "बाळ, या मैदानाचे पूर्वीचे नाव काय होते?" त्याने मान हलविली. 1925 साली लोकांस खुले झालेले हे 'माहीम पार्क', अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने 1927 साली 'शिवाजी पार्क' झाले, हे आम्ही त्यास सांगितले. त्याने गाइड मिटले आणि विचारले, "हे इंग्रजीत कसे लिहायचे?"