आंबिल ओढा: पेठांतून हद्दपार झालेला प्रवाह

दांडेकर पुलावरून रोज जाणाऱ्या कितीतरी पुणेकरांना खालचं पाणी म्हणजे नाला वाटतो. तो नाला नाही, आंबिल ओढा आहे. कात्रजच्या डोंगरात उगम, मग पद्मावती, सहकारनगर, पर्वती करत मुठेला मिळतो.

पूर्वी हा ओढा आजच्या पेठांतून वाहायचा. पेशवाईत तो पर्वतीजवळ वळवला. नानासाहेबांच्या काळात, साधारण 1750 च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधला आणि जमिनीखालच्या दगडी नळातून पाणी थेट शनिवारवाड्यापर्यंत नेलं. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले: वरून चौथऱ्यासारखे दिसणारे, आत हवा खेळती ठेवणारे आणि गाळ काढायला उपयोगी. पंपाशिवाय, निव्वळ उतारावर चालणारं काम! पर्वतीच्या पायथ्याशी याच ओढ्याचं पाणी अडवून तळं केलं. 'तळ्यातला गणपती' हे नाव त्यामुळेच. आज तिथे सारसबाग आहे.

आता पाणलोटाचं बघा. डोंगरउतारावर झाडं नि माती असेल तर पाऊस मुरतो, सावकाश खाली येतो. तिथे काँक्रीट झालं की तेवढाच पाऊस एकदम ओढ्यात उतरतो, आणि पात्र तर दोन्हीकडून भिंती घालून आवळलेलं. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री तेच झालं. अरण्येश्वर भागात भिंत कोसळली, सोसायट्यांच्या पार्किंगमधल्या गाड्या वाहून गेल्या, पुणे परिसरात वीसहून अधिक माणसं गेली.

त्यानंतर भिंती आणखी उंच बांधायची भाषा सुरू झाली. माझ्या मते दुखणं वर, कात्रजच्या उतारावर आहे.

तुमच्या भागात एखादा उच्छ्वास शिल्लक असेल तर फोटो टाका.