डबा तोच, गेम नवा!

होस्टेलवर दोन वाद कधीच मिटत नाहीत. एक मेसच्या भाजीचा आणि दुसरा 'पीसी भारी की कन्सोल भारी' हा! पीसीवाल्यांचा डायलॉग ठरलेला: "तुमचे कन्सोल सात-सात वर्षं बदलत नाहीत, म्हणून गेमिंग मागे राहिलं." आरोप गंभीर आहे आणि अर्धा खराही आहे. कोणता अर्धा, ते बघू. (आमची शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे इंग्रजी शब्द मधेमधे डोकावतील. चालवून घ्या!)

पीसीचं ग्राफिक्स कार्ड एक-दोन वर्षांत जुनं होतं. कन्सोलचं तसं नाही. कंपनी प्रोसेसर, रॅम, डिस्क एकदाच ठरवते आणि पुढची काही वर्षं तेच मशीन विकते. ही झाली एक 'पिढी'. पहिला एक्सबॉक्स आला २००१ साली, त्याच्या पुढचा एक्सबॉक्स ३६० चारच वर्षांत, २००५ साली. पण त्यानंतरचा एक्सबॉक्स वन थेट २०१३ मध्ये! प्लेस्टेशन ३ चंही तेच, २००६ ते २०१३. म्हणजे आपली डिग्री जवळजवळ दोनदा होईल (केटी न धरता).

मग एवढी वर्षं प्रगती झोपली होती का? प्लेस्टेशन ३ चा 'सेल' प्रोसेसर बघा. एक मुख्य कोअर आणि त्याच्या हाताखाली 'एसपीई' नावाचे छोटे कोअर, त्यातले सहा गेमच्या वाट्याला. प्रत्येकाकडे स्वतःची मेमरी फक्त २५६ के.बी.! डेटा कधी आत आणायचा, कधी बाहेर पाठवायचा, हे सगळं प्रोग्रामरनेच सांगायचं. सुरुवातीला लोक जाम वैतागले. पण मशीन बदलणार नव्हतं, त्यामुळे शिकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. २०१० च्या 'गॉड ऑफ वॉर ३' मध्ये चित्राच्या करवतीसारख्या दिसणाऱ्या कडा गुळगुळीत करायचं काम, जे एरवी ग्राफिक्स चिप करते, ते चक्क एसपीईंवर टाकलं. 'अनचार्टेड' (२००७) आणि 'द लास्ट ऑफ अस' (२०१३) हे एकाच स्टुडिओचे, एकाच मशीनवरचे गेम. शेजारी-शेजारी लावून बघा, विश्वास बसणार नाही. ही प्रगती नाही तर काय? फक्त ती दुकानातल्या खोक्यावर छापून येत नाही.

दुसरा फायदा खिशाचा. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला आला, २००९ मध्ये त्याची किंमत ९९ डॉलर झाली होती. त्याचं उत्पादन थांबलं ते २०१३ मध्ये. या लांबलेल्या आयुष्यामुळेच २००९ साली हैदराबादमध्ये बनलेला 'हनुमान: बॉय वॉरियर' त्यावर येऊ शकला. तेव्हा प्लेस्टेशन ३ येऊन तीन वर्षं झाली होती! गेम म्हणून तो ग्रेट नव्हता, पण नवशिक्याला जुन्या मशीनवर जागा मिळाली, हे महत्त्वाचं.

आता आरोपाचा खरा अर्धा. माझ्या मते गोम इथे आहे: हुशारीने कोड लिहून गणितं फास्ट करता येतात, पण रॅम वाढवता येत नाही. एक्सबॉक्स ३६० मध्ये एकूण ५१२ एम.बी. प्लेस्टेशन ३ मध्येही तेवढीच, पण २५६-२५६ अशी वाटून दिलेली. २०११ चा 'स्कायरिम' आठवा. खेळाडूने जगात जे जे बदललं ते गेमने लक्षात ठेवायचं. प्लेस्टेशन ३ वर जितकं जास्त खेळाल तितकी सेव्ह फाइल मोठी आणि गेम गोगलगाय! बरं, पीसीवर तरी मोकळं रान? तिथेही सुरुवातीला हा गेम २ जी.बी. पेक्षा जास्त रॅम वापरू शकत नव्हता आणि ग्राफिक्स डायरेक्टएक्स ९ चेच, डायरेक्टएक्स ११ येऊन दोन वर्षं झाली तरी. गेम सगळ्यांना विकायचा, तर सर्वांत लहान भांड्यात मावेल एवढाच स्वयंपाक करावा लागतो. (याच कारणाने आपले जुने लॅपटॉपही तग धरतात, हे पीसीवाले सोयीस्करपणे विसरतात.)

डिस्कची गोष्ट तर आणखी मजेशीर. प्लेस्टेशन ४ मध्ये फिरणारी हार्ड डिस्क होती. तिचं हेड इकडून तिकडे जायला वेळ लागतो, म्हणून एकच डेटा डिस्कवर अनेक ठिकाणी कॉपी करून ठेवत. प्लेस्टेशन ५ चे आर्किटेक्ट मार्क सर्नी यांनी २०२० मध्ये सांगितलं की 'स्पायडर-मॅन' गेममध्ये काही डेटा ४०० वेळा साठवला होता! पीसीत एसएसडी कधीच आली होती, पण ती सगळ्यांकडे असेलच असं धरून गेम रचता येत नव्हता. हीरो अरुंद फटीतून अंग चोरून हळूहळू जातो ना, तेव्हा बऱ्याचदा मागे पुढची जागा लोड होत असते. म्हणजे लांब पिढीत चित्र सुधारत राहतं. अडतो तो गेमचा आराखडा.

म्हणून मी म्हणेन, पिढी खुशाल लांबवा, पण रॅम आणि डिस्क पहिल्याच दिवशी सढळ हाताने द्या. प्लेस्टेशन ४ ला ८ जी.बी. रॅम दिली, आधीच्या सोळापट, आणि त्या बाबतीत ते मशीन चांगलं टिकलं. 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक' २०२२ मध्ये त्यावरही आला.

खिशाचा फायदा मात्र आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. पूर्वी चिप लहान होत गेली की स्वस्तही व्हायची. प्लेस्टेशन ५ (डिस्कवाला) अमेरिकेत २०२० मध्ये ४९९ डॉलरला आला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्याची किंमत कमी होण्याऐवजी वाढून ५४९ झाली. पाच वर्षं जुनं मशीन, आणि भाव वर!