पॅच पॅनेल कशासाठी?

आजचा विषय ऐकायला रुक्ष आहे. पण तुमच्या सोसायटीत, शाळेत, दवाखान्यात किंवा एखाद्या छोट्या कारखान्यात नेटवर्कच्या वीस-पंचवीस केबल असतील, तर हा भाग तुमच्यासाठीच आहे. मी काही इंजिनिअर नाही, साधा बीएस्सी. मात्र फौजेत आयुष्य गेलं ते सिग्नल्समध्ये, त्यामुळे तारा, टोकं आणि लेबलं यांच्याशी जुनी ओळख आहे. व्हिडिओत मी पॅनेल हातात उलटसुलट धरून दाखवलं होतं. इथे तेच शब्दांत सांगतो.

आधी हे का बोलायचं ते सांगतो. आम्ही राहतो बेंगळुरूच्या पूर्व भागात, चार टॉवरची सोसायटी आहे. कॅमेरे, गेटवरचं इंटरकॉम, क्लब हाऊसचं वाय-फाय, सगळ्यांच्या केबल एका खोलीत येतात. बिल्डरच्या माणसांनी त्या सगळ्या केबलना टोकाला प्लग लावून थेट स्विचमध्ये खोचल्या होत्या. लेबल एकालाही नाही. मागच्या वर्षी स्विच बिघडला. बसवणाऱ्या मुलाने सगळ्या केबल उपटल्या, नवा स्विच लावला आणि जमेल तशा परत खोचल्या. कॅमेरे दिसायला लागले, सगळे खूश झाले.

सी टॉवरमध्ये ऐंशी पार केलेले एक गृहस्थ एकटे राहतात. मुलं परदेशी. त्यांच्या पलंगाशेजारी एक आणीबाणीचं बटण आहे, दाबलं की सिक्युरिटीच्या केबिनमध्ये घंटा वाजते. काका शिस्तीचे. दर रविवारी सकाळी नऊला बटण दाबून बघतात. त्या रविवारी दाबलं आणि कोणीच आलं नाही. स्विच बदलला होता गुरुवारी. म्हणजे गुरुवारपासून रविवारपर्यंत ते बटण नुसतंच भिंतीवर होतं.

कारण साधं होतं. त्या बटणाच्या यंत्राला वीज त्याच केबलमधून मिळते. याला पीओई म्हणतात. नव्या स्विचच्या चोवीस पोर्टांपैकी सोळाच पोर्ट वीज देणारे होते आणि काकांची केबल नेमकी उरलेल्या आठांत गेली होती. पण कोणती केबल काकांची? मी त्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "गोत्तिल्ला सार." माहीत नाही. त्याचीही काय चूक? त्याला सांगणारं तिथे काही नव्हतंच. ती एक केबल शोधायला आम्हाला दुपारचे दोन वाजले.

आता मूळ मुद्दा. भिंतीतून, डक्टमधून जी केबल येते, ती एकदा घातली की हलवायची नसते. तिच्या आत आठ तारा असतात आणि प्रत्येक तार एकसंध, जराशी जाडसर तांब्याची असते. लांब अंतरासाठी ती उत्तम, पण सारखी वाकवली तर तुटते, आणि तुटते ती नेमकी प्लगच्या मानेशी, बाहेरून दिसणारही नाही अशी. स्विचला लावायची जी छोटी दोरी असते, पॅच कॉर्ड, तिच्यातली प्रत्येक तार सात बारीक तारांची वळलेली असते. ती लवचीक, रोज काढा-घाला करायला बनवलेली. म्हणजे या दोन वेगळ्या जातीच्या केबल आहेत आणि त्यांची कामंही वेगळी आहेत. पॅच पॅनेल म्हणजे या दोघींची भेट घडवणारी पट्टी. मागच्या बाजूला भिंतीतली केबल कायमची ठोकून बसवायची, पुढच्या बाजूला सॉकेट. सॉकेटपासून स्विचपर्यंत छोटी कॉर्ड. पुढे कोणीही काहीही बदललं तरी भिंतीतल्या केबलला हात लागत नाही.

ही कल्पना नेटवर्कवाल्यांची नाही हो. टेलिफोनवाल्यांची आहे. मुंबईत १८८२ साली टेलिफोन एक्स्चेंज आलं, तेव्हा ऑपरेटर दोरीची दोन टोकं दोन भोकांत घालून माणसं जोडून द्यायचा. पुढे यंत्रं आली, दोऱ्या गेल्या, पण प्रत्येक एक्स्चेंजमध्ये एक उंच लोखंडी चौकट राहिली, मेन डिस्ट्रिब्युशन फ्रेम. तिच्या एका बाजूला रस्त्यातून येणाऱ्या जोड्या, दुसऱ्या बाजूला एक्स्चेंजची यंत्रं आणि मधे जंपर नावाच्या साध्या तारा. एखाद्याने त्याच भागात घर बदललं तरी त्याचा नंबर तोच ठेवता यायचा, कारण फक्त जंपर इकडचा तिकडे करायचा. रस्ता खणायला नको, यंत्राला हात लावायला नको. ज्यांनी जुन्या एक्स्चेंजमध्ये नोकरी केली आहे, त्यांना पॅच पॅनेल समजावून सांगावंच लागत नाही.

बेंगळुरूत तर या विद्येचं एक अख्खं उपनगर आहे. १९४८ साली इथे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा सरकारी कारखाना सुरू झाला. के. आर. पुरमजवळच्या त्या वसाहतीचं नाव आहे दूरवाणीनगर. आपण मराठीत दूरध्वनी म्हणतो, कानडीत दूरवाणी. आपल्या पिढीच्या घरात जो काळा जड फोन होता, त्यातले कितीतरी याच कारखान्यातले. तिथून निवृत्त झालेले लोक आमच्या भागात अजून भेटतात. आमची खोली दाखवायला अशाच एकांना मी घेऊन गेलो, तर त्यांनी केबलचा तो गुंता पाहून फक्त जीभ चावली. आणखी काही बोलायची गरजच नव्हती.

असो. आता पॅनेल जवळून पाहू. नेहमीचं पॅनेल चोवीस पोर्टचं असतं, १९ इंची रॅकमध्ये बसतं आणि एक 'यू' उंची घेतं. एक यू म्हणजे पावणेदोन इंच, साधारण ४४ मिलिमीटर. मागच्या बाजूला प्रत्येक पोर्टसाठी आठ खाचा असतात. खाचेत दोन धारदार पाती समोरासमोर असतात. तार सोलायची नाही, तशीच खाचेवर ठेवायची आणि टूलने ठोकायची. पाती वरचं प्लॅस्टिक कापून तांब्याला दोन्ही बाजूंनी घट्ट धरतात. हवा आत जात नाही, म्हणून गंज धरत नाही. डाग द्यायला नको, स्क्रू नको. या टूलला बाजारात पंचिंग टूल म्हणतात, बरेच जण क्रोन टूल म्हणतात. क्रोन ही जर्मन कंपनी, तिचं नाव अवजारालाच चिकटलं. टूलच्या एका बाजूला कापणारं पातं असतं. ती बाजू बाहेर, तारेच्या फालतू टोकाकडे ठेवायची. उलटी धरली तर चांगली तारच कापली जाते. फार लोकांचं इथे फसतं.

रंगांचा क्रम पॅनेलच्या मागे स्टिकरवर छापलेला असतो, ए आणि बी असे दोन. आपल्याकडे बी जास्त चालतो: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. ए घ्या की बी घ्या, फरक काही पडत नाही, पण दोन्ही टोकांना एकच घ्या.

इथे जरा थांबतो, कारण हा भाग लोक गंभीरपणे घेत नाहीत. काही जण म्हणतात, क्रम कशाला पाठ करायचा, नारिंगी जोडी, हिरवी जोडी, निळी, तपकिरी अशी ओळीने लावू, दोन्हीकडे तशीच लावली की झालं. टेस्टर लावला की आठही दिवे लागतात. माणूस पैसे घेऊन जातो. मग नेट रडतखडत चालतं. का? केबलमधल्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन ठेवलेल्या असतात, त्या शोभेसाठी नाही. एकाच जोडीतून संदेश उलटसुलट जातो, त्यामुळे बाहेरचा खरखराट दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि दुसऱ्या टोकाला वजा होतो. सॉकेटची रचना अशी की तिसरी आणि सहावी पिन मिळून एक जोडी होते, चौथी-पाचवी तिच्या मध्ये. ओळीने लावलं तर तिसऱ्या पिनवर एका पिळातली तार आणि सहाव्यावर दुसऱ्या पिळातली. तार जोडलेली आहे, म्हणून दिवा लागतो. पण पिळाचा उपयोग गेला. स्वस्त टेस्टरला हे कळतच नाही. म्हणून काम करून घेताना आठ दिव्यांवर समाधान मानू नका. केबलची प्रत मोजून छापील रिपोर्ट देणारं यंत्र भाड्यानेही आणता येतं, ते कंत्राटातच लिहून घ्या. आणि ठोकताना पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू देऊ नका. अर्धा इंच, बस्स.

अंतराचाही एक नियम आहे. पॅनेलपासून खोलीतल्या सॉकेटपर्यंत ९० मीटर, दोन्हीकडच्या कॉर्ड धरून एकूण १०० मीटर. टॉवर ते टॉवर जायचं असेल तर तांबं वापरूच नका, फायबर घाला. अंतर हे एक कारण, दुसरं कारण वीज पडणं. दोन इमारतींची अर्थिंग सारखी नसते आणि तांब्याची तार त्यांना जोडते. एप्रिल-मेमधल्या बेंगळुरूच्या वळवाच्या पावसात पोर्ट जळालेले स्विच मी पुष्कळ पाहिलेत.

खरेदीला आमच्याकडे एस. पी. रोड. पूर्ण नाव सदर पत्रप्पा रोड, पुण्यामुंबईकडच्यांनी लॅमिंग्टन रोडचा धाकटा भाऊ समजावा. पॅनेल घेताना फार विचार करू नका, केबल ज्या कॅटेगरीची त्याच कॅटेगरीचं घ्या. विचार केबलचा करा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल खऱ्या तांब्याच्या नावाखाली सर्रास खपवली जाते. ब्लेडने तार खरवडा, आत चंदेरी दिसली तर परत करा. तिचा रोध जवळजवळ दीडपट असतो, त्यामुळे केबलमधून वीज पाठवायची असेल तर ती तापते आणि शेवटच्या कॅमेऱ्याला पुरेशी वीज पोचत नाही. वाकवली की मोडते, पॅनेलच्या पात्यांतही नीट टिकत नाही.

बसवणारे एक हरकत घेतात: "सर, उगाच एक जास्तीचा जॉइंट." जॉइंट जास्तीचा आहे हे खरं. पण १०० मीटरचा जो हिशोब आहे त्यात असे चार जोड धरलेलेच असतात. नीट ठोकलेल्या जोडाने वेग कमी होत नाही. हां, घरात चारच केबल असतील तर पॅनेल नको, उगाच खर्च. माझ्या मते आठ-दहाच्या पुढे गेलात की घ्यावं, आणि जिथे माणसांच्या सुरक्षेच्या गोष्टी नेटवर्कवर आहेत तिथे चार केबल असल्या तरी घ्यावं.

आणि आता लेबल. काकांच्या बाबतीत नुसतं पॅनेल असतं तरी घोळ झालाच असता, कारण पॅनेलला बोलता येत नाही. पॅनेल ही फक्त नाव लिहायला दिलेली पक्की जागा. सिग्नल्समध्ये लाइन टाकणाऱ्या पार्टीला एक सवय असते, टोकाला पट्टी बांधल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. अंधारात, पावसात, दुसऱ्या युनिटच्या जवानालाही ती वाचता आली पाहिजे. आम्ही सोसायटीत तेच केलं. सी-०७-०२ म्हणजे सी टॉवर, सातवा मजला, दुसरा फ्लॅट. हाच क्रमांक केबलच्या दोन्ही टोकांना, पॅनेलवर आणि वहीत. नावं लिहायची नाहीत, माणसं घर बदलतात. आमच्या जुन्या खोलीत एकाच केबलला चिठ्ठी सापडली होती, तिच्यावर लिहिलं होतं "सेक्रेटरी सर". तीन सेक्रेटरी मागचे!

जीव महत्त्वाच्या केबलसाठी आम्ही लाल कॉर्ड ठरवली. काकांची घंटा, लिफ्टमधले फोन आणि गेट, एवढ्याच लाल. लाल कॉर्ड काढायची तर आधी सिक्युरिटी केबिनला कळवायचं आणि परत लावल्यावर बटण दाबून घंटा ऐकायची. रॅकमध्ये एक पॅनेल, त्याखाली एक स्विच, परत पॅनेल असं आलटून पालटून लावलं, म्हणजे अर्ध्या मीटरच्या कॉर्ड पुरतात आणि लोंबकळत नाहीत. केबलच्या जुड्या वेल्क्रोच्या पट्टीने बांधल्या. प्लॅस्टिकचा टाय कचकचून ओढला की आतला पीळ दबतो.

रॅक कुठे ठेवायचा यावर समितीत वाद झाला. खोली तळघरात होती. सप्टेंबर २०२२ च्या पावसात आउटर रिंग रोडच्या बाजूला तळघरं कशी भरली ते आम्ही सर्वांनी पाहिलं होतं, तरी "आपल्याकडे नाही येत पाणी" म्हणणारे होतेच. शेवटी रॅक पहिल्या मजल्यावरच्या खोलीत नेला, वेगळी अर्थिंग दिली, उंदरांसाठी केबलच्या भोकांना जाळी मारली. जुन्या केबल वरपर्यंत पुरल्या नाहीत, त्यातल्या नऊ नव्याने ओढाव्या लागल्या. खर्चाचा मोठा भाग तोच. पॅनेल त्या मानाने किरकोळ.

काम दोन रात्रींत झालं. दिवसा नेट बंद ठेवायला कोणी तयार नव्हतं. दोन पॅनेलच्या अठ्ठेचाळीस पोर्टांपैकी एकोणचाळीस भरले, नऊ मोकळे ठेवले. वहीची एक प्रत रॅकच्या दाराच्या आत अडकवली आहे, एक सिक्युरिटीकडे, एक समितीच्या कपाटात. तुमच्याकडे वही करायची असेल तर रकाने एवढेच पुरतात: पॅनेलचा पोर्ट, केबलचा क्रमांक, दुसरं टोक कुठे, स्विचचा पोर्ट, वीज लागते की नाही, आणि शेवटी कोणी बदललं त्याची सही व तारीख. पुढच्या भागात टॉवरमधल्या फायबरचा डबा, म्हणजे एलआययू, उघडून बघू.