मरुभूमीची भेट : केव्हा घ्यावी?

राष्ट्रीय उद्यान म्हटले की घनदाट अरण्य डोळ्यांसमोर उभे राहते. राजस्थानातील जैसलमेर व बाडमेर जिल्ह्यांत पसरलेले राष्ट्रीय मरु उद्यान या कल्पनेस अपवाद आहे. १९८० साली संरक्षित घोषित झालेल्या या क्षेत्राचा विस्तार ३,१६२ चौरस किलोमीटर आहे. सर्वत्र वाळूच्या टेकड्या असतील ही समजूतही खरी नव्हे. खडकाळ माळ आणि सेवण गवताची कुरणे यांनीच बहुतेक प्रदेश व्यापला आहे.

हिवाळा : अनुकूल काळ

आपल्याकडे शैक्षणिक सहली सुटीच्या सोयीने आखल्या जातात. मरुभूमीसाठी मात्र मे महिन्याची सुटी सर्वथा गैरसोयीची होय. त्या वेळी पारा ४५ अंशांवर जातो, धुळीची वादळे उठतात आणि प्राणी दिवसभर सावलीत दडून राहतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत योग्य. चिंकारा व वाळवंटी कोल्हा उन्हातही वावरताना दिसतात. उत्तरेकडून स्टेप गरुड, ग्रिफन गिधाडे व हुबारा हे पाहुणे पक्षी येतात. रात्री मात्र कडाक्याची थंडी पडते, म्हणून विद्यार्थ्यांजवळ उबदार कपडे हवेत. सांडा हा सरडा हिवाळ्यात बिळात निद्रिस्त असतो. तो पाहावयाचा असल्यास मार्च महिना बरा.

पाहुण्याची सोय, पक्ष्याचा विसावा

ऋतूची निवड केवळ प्रवाशाच्या सोयीचा प्रश्न नाही. माळढोक हा येथील सर्वांत मोलाचा रहिवासी. जगात आता सुमारे दीडशेच माळढोक उरले असून त्यांपैकी बहुतेक याच परिसरात आहेत. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंतच्या या विणीच्या हंगामात माणसाची चाहूल लागून ती अंड्यावरून उठली, तर ते अंडे कोल्हा वा कावळ्याच्या तोंडी जाऊ शकते. पावसानंतरची हिरवळ कितीही मोहक असली, तरी त्या दिवसांत कुरणांपासून दूर राहणेच इष्ट.

सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथे १९७९ साली माळढोक अभयारण्य स्थापन झाले. परंतु तेथे आज या पक्ष्याचे दर्शन दुर्मीळ झाले आहे. महाराष्ट्रातील शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी हे ध्यानी घ्यावे. सहलीपूर्वी वन खात्याची परवानगी घ्यावी, वाहन ठरलेल्या वाटेवरच ठेवावे आणि पक्षी दुर्बिणीतूनच पाहावा. गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे, एवढे जरी विद्यार्थ्यांच्या मनावर ठसले, तरी सहलीचे सार्थक होईल.