रेल्वेचे जुने घड्याळ ओळखताना

१ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ लागू होण्यापूर्वी देशातील रेल्वेगाड्या मद्रासच्या वेळेवर धावत, आणि अकोल्याची सूर्यावरून ठरणारी स्थानिक वेळ तिच्यापेक्षा सुमारे १३ मिनिटे मागे असल्यामुळे, तिथल्या असदगड किल्ल्याभोवतीच्या जुन्या शहरातून निघालेल्या प्रवाशाला गाडी गाठायची तर रेल्वेचीच वेळ पाळणे भाग असे. अकोल्यावरून जाणारा, १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचलेला हा मार्ग ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जी. आय. पी. रेल्वेचा होता, ती पुढे १९५१ मध्ये मध्य रेल्वेत विलीन झाली, म्हणून एखाद्या घड्याळाच्या झाकणावर कोरलेली जी. आय. पी. ही अक्षरे मूळची असतील, तर ते घड्याळ त्याआधीचे मानता येते.

अमेरिकेत मात्र रेल्वेचे घड्याळ ही नियमांनी बांधलेली वस्तू होती. १८९१ मध्ये ओहायोतील किप्टन येथे दोन गाड्यांची टक्कर होऊन जीवितहानी झाली, तिचे कारण चालकाचे काही मिनिटे थांबलेले घड्याळ असल्याचे सांगितले गेले, आणि त्यानंतर वेब बॉल यांच्या पुढाकाराने जे निकष रूढ झाले, त्यांत किमान १७ ज्वेल, म्हणजे चाकांच्या आसांची झीज रोखणारी माणके, ठळक आकडे आणि आठवड्याला ३० सेकंदांपेक्षा अधिक चूक नसणे यांचा समावेश होता. हे निकष खिशातील घड्याळांचे होते. रेल्वेची मान्यता मिळालेली मनगटी घड्याळे बरीच नंतर आली.

वऱ्हाडातील संग्राहकाला हे निकष जसेच्या तसे लावता येत नाहीत, कारण इथल्या जुन्या वाड्यांतील पेट्यांतून निघणारे घड्याळ बहुधा मुंबईमार्गे आलेले स्विस वेस्ट एंड किंवा फावर-ल्यूबा असते, नाहीतर १९६१ पासून बंगळूरमध्ये जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने तयार होऊ लागलेल्या घड्याळांपैकी एचएमटी जनता. ही सर्वसामान्य ग्राहकही घेत असल्याने केवळ नावावरून त्यांना रेल्वेची म्हणणे चूक ठरते. त्यातही सर्वांत फसवी असते ती तबकडी, कारण जुन्या तबकड्या नव्याने रंगवून त्यांवर हवे ते नाव किंवा रेल्वेचे चिन्ह छापण्याचा धंदा चालतो. आकड्यांच्या कडा पसरलेल्या असणे, कंपनीच्या नावाची अक्षरे वाकडी असणे किंवा जुनाट कवचात तबकडी तेवढी कोरी करकरीत दिसणे, ही त्याची लक्षणे होत. खरी साक्ष आतील यंत्र देते: पाठीमागचे झाकण उघडल्यावर यंत्राच्या पट्टीवरील निर्मात्याचे नाव, ज्वेलची संख्या आणि यंत्राचा क्रमांक तबकडीशी जुळतात का, हे आधी पाहावे.

डागाळलेली पण मूळ तबकडी रंगवलेल्या तबकडीपेक्षा केव्हाही मोलाची, म्हणून दुरुस्तीला देताना ती पुसू किंवा रंगवू नये असे कारागिराला स्पष्ट सांगावे, बदललेले सुटे भाग परत मागून घ्यावेत, आणि घड्याळ कोणाचे, तो कोणत्या स्थानकावर कोणत्या पदावर होता, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून त्याच्या सेवापुस्तिकेसह लगेच नोंदवून ठेवावे.