देहाचा पत्कर

वैनगंगेच्या खोऱ्यातील आसगाव-पवनीकडच्या वाचकाला नागपूरचा ताजबाग काही परका नाही. परंतु तिथे समाधी असलेल्या, १९२५ साली निवर्तलेल्या सूफी संत ताजुद्दीन बाबांच्या दर्शनास गेलेल्या असंख्य लोकांत मेरवान शेरियार इराणी नावाचा, पुण्यात १८९४ साली जन्मलेला एक तरुण जरथुश्त्री होता, असे त्याचे चरित्रकार सांगतात. हाच तरुण पुढे मेहेरबाबा म्हणून प्रसिद्ध झाला.

ज्या धर्मात तो जन्मला, त्या धर्माचा देहविचार आपल्या परिचयाच्या वैराग्यमार्गाहून फार निराळा आहे. त्याचा धर्मग्रंथ अवेस्ता मनुष्यात तनु, प्राणरूप उश्तान, जाणीवरूप बओध, जीवात्मा उर्वन आणि जन्माच्याही आधीपासून असणारी फ्रवशी अशी तत्त्वे मानते. बुंदहिश्न या पहलवी ग्रंथातील कथा तर विलक्षण आहे : सृष्टीच्या आरंभी परमेश्वर अहुर मज्दाने फ्रवशींना विचारले की, आत्मलोकी निर्भय राहायचे, की देह धारण करून असत्याशी झुंजायचे, आणि त्यांनी देहच पत्करला. ज्या परंपरेत आत्मा शिक्षा म्हणून नव्हे, तर स्वेच्छेने देहात उतरतो, तिला देह बंदीगृह वाटेल कसा? अंतिम नवनिर्मितीच्या वेळी मृतांना देह परत मिळतील, हे त्या पत्कराचेच फळ. मृत्यूने मलिन होते ते कलेवर, आणि तेही असत्याच्या आक्रमणामुळे. म्हणून अग्नी, पृथ्वी, जल यांना त्याचा स्पर्श नको, यासाठी दख्म्यात, म्हणजे उघड्या मनोऱ्यात, प्रेत पक्ष्यांसाठी ठेवण्याची वहिवाट पडली. तीन रात्री उर्वन प्रेताजवळ राहतो, आणि चौथ्या पहाटे परलोकाच्या वाटेवरील चिन्वत पुलावर त्याचीच सत्कृत्ये सुंदर कुमारीच्या रूपाने त्याला सामोरी येतात.

मेहेरबाबांचे आजोबा इराणात अशाच एका दख्म्याचे रखवालदार होते. वडील शेरियारजी मात्र तरुणपणीच दरवेशांसारखे भटकत निघाले आणि अखेर पुण्यात स्थिरावले. नातवाच्या शिकवणीत स्थूल, सूक्ष्म आणि मानसिक अशी तीन शरीरे व चेतनेच्या सात भूमिका येतात. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गॉड स्पीक्स’ या ग्रंथात त्यांचे सविस्तर विवेचन आहे. ही मांडणी सूफी आणि वेदान्ती वळणाची आहे, हे निर्विवाद. पुनर्जन्माची तिची कल्पना अवेस्तेत सापडत नाही. तरीही ईश्वरसाक्षात्काराला मानवदेह अपरिहार्य आहे, या त्यांच्या आग्रहात फ्रवशींचा तो जुना निर्णय मला स्पष्ट ऐकू येतो. १० जुलै १९२५ पासून अखेरपर्यंत मौन पाळणाऱ्या या पुरुषाने कुष्ठरोग्यांचे पाय स्वतःच्या हातांनी धुतले, ‘मस्त’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देहभान हरपलेल्या ईश्वरवेड्यांना शोधीत देशभर प्रवास केला, त्यांना न्हाऊमाखू घातले. म्हणजे इतरांना अस्पृश्य वाटणारे देहच त्याच्या सेवेचे क्षेत्र झाले.

३१ जानेवारी १९६९ रोजी त्यांनी देह ठेवला, आणि ७ फेब्रुवारीला अहमदनगरजवळ अरणगावच्या मेहेराबाद टेकडीवर, आपल्या हयातीतच तयार करून ठेवलेल्या समाधीत, दख्म्याच्या रखवालदाराच्या या नातवाला भूमीत विसावा मिळाला. अवेस्तेतील शुद्धिनियमांच्या वेंदिदाद या ग्रंथाच्या दृष्टीने प्रेत पुरणे हे घोर पाप. पण पुण्यात ज्या सूफी संत हजरत बाबाजान यांनी त्यांच्या कपाळाचे चुंबन घेऊन त्यांचे आयुष्य पालटले, त्यांची मजारही त्या शहराच्या रस्त्याकाठी भूमीतच आहे, आणि मेहेराबादेत येणारे पारशी, हिंदू, मुसलमान त्याच एका समाधीपुढे माथा टेकतात.